बायफ्लोराइडमधला प्रोटॉन नक्की कुठे बसतो आणि एनएमआरमध्ये ते कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी टीबीएएफ, म्हणजे टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड, ड्युटेरेटेड ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलं. वाचलेलं असं की बायफ्लोराइड आयनचा (दोन फ्लोरिन आणि मधे एक हायड्रोजन असा ऋण आयन) प्रोटॉन १६ पीपीएमच्या वर ट्रिप्लेट, म्हणजे तीन रेषांचा सिग्नल, म्हणून दिसतो, पण स्पेक्ट्रममध्ये तिथे काहीच आलं नाही. आणि त्याच्या मागचा खरा प्रश्न असा की हा प्रोटॉन दोन फ्लोरिनच्या बरोब्बर मधे असतो की इकडून तिकडे उड्या मारत असतो, आणि एनएमआर यातलं काय खात्रीने सांगू शकतं.

मी बरीच वर्षं फ्लोरिन एनएमआर करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर: प्रोटॉन मधोमधच असतो, उड्या मारत नाही. पण हे केमिकल शिफ्टवरून, म्हणजे सिग्नलच्या पीपीएममधल्या जागेवरून, सिद्ध होत नाही, सगळे जण १६ हा आकडा पाठ करतात आणि तिथेच थांबतात. खरी माहिती आहे कपलिंगमध्ये, म्हणजे शेजारची केंद्रकं सिग्नलच्या रेषा किती हर्ट्झने फाडतात त्यात. तुमचा सिग्नल का दिसला नाही त्याची तीन-चार कारणं असू शकतात, ती शेवटी सांगते, कारण आधीचं समजलं की ती आपोआप समजतात.

हा बंध मजबूत म्हणजे किती? पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे २० किलोज्यूलच्या आसपास लागतात. बायफ्लोराइड तोडून एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) आणि फ्लोराइड वेगळे करायला, गॅस फेजमध्ये, १९० च्या आसपास लागतात. जरा तुलना करून बघा, फ्लोरिन वायूमधला दोन फ्लोरिनचा सिंगल बाँड, चक्क कोव्हॅलंट बाँड, साधारण १५८ किलोज्यूलचा आहे. म्हणजे आपण ज्याला 'हायड्रोजन बंध' म्हणून दुय्यम समजतो तो इथे एका खऱ्याखुऱ्या बाँडपेक्षा भारी ठरतोय. अंतरंही तेच सांगतात. सुट्या एचएफमध्ये हायड्रोजन ते फ्लोरिन ०.९२ अँगस्ट्रॉम, बायफ्लोराइडमध्ये ते ताणून १.१४ होतं पण दोन्ही बाजूंना सारखंच, आणि फ्लोरिन ते फ्लोरिन २.२८ च्या आसपास. दोन फ्लोरिन नुसते एकमेकांना टेकले असते तर त्यांच्यात २.९ च्या वर अंतर असतं. इन्फ्रारेडमध्येही बघा, एचएफचं स्ट्रेचिंग (बाँड ताणला जाण्याचं कंपन) ३९६१ सेंटीमीटर इन्व्हर्सला येतं आणि बायफ्लोराइडचं असममित स्ट्रेचिंग गॅस फेजमध्ये १३३१ ला, म्हणजे जुना एच-एफ बाँड आता त्या रूपात उरलेलाच नाही.

आता प्रोटॉन मधे आहे हे कळलं कसं. या गोष्टीचा इतिहास मला फार आवडतो, कारण तीन वेगळ्या पद्धतींनी चार-पाच वर्षांत एकच उत्तर दिलं. १९४९ मध्ये वेस्ट्रम आणि पिट्झर यांनी पोटॅशियम बायफ्लोराइडची हीट कपॅसिटी अगदी खालच्या तापमानापर्यंत मोजली आणि एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, काढली. विचार असा की प्रोटॉनला बसायला दोन जागा असतील, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, आणि क्रिस्टल थंड होताना ते जिथल्या तिथे अडकले, तर आर लॉग दोन (R ln 2), म्हणजे मोलमागे दर केल्व्हिनला साधारण ५.८ ज्यूल इतकी एंट्रॉपी शिल्लक राहायला पाहिजे. तशी शिल्लक काही सापडली नाही. मग १९५२ मध्ये पीटरसन आणि लेव्ही यांनी सिंगल क्रिस्टलवर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन केलं, एक्स-रेला हायड्रोजन नीट दिसत नाही पण न्यूट्रॉनला दिसतो, आणि प्रोटॉन मधल्या बिंदूपासून ०.१ अँगस्ट्रॉमच्या आतच आहे असं दाखवलं. आणि १९५३ मध्ये वॉ, हम्फ्री आणि योस्ट यांनी हेच काम एनएमआरने केलं. एनएमआर शोधून तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती हे लक्षात घ्या, फूरियर ट्रान्सफॉर्म नाही, मॅजिक अँगल स्पिनिंग नाही, काहीच नाही.

त्यांचं तर्कशास्त्र आजही कागदावर करून बघण्यासारखं आहे, तुम्ही नक्की करा. घन पदार्थात दोन केंद्रकं एकमेकांना थेट चुंबकासारखी जाणवतात, याला डायपोलर कपलिंग म्हणतात, आणि ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. हायड्रोजन-फ्लोरिन जोडीसाठी हा स्थिरांक साधारण ११३ किलोहर्ट्झ भागिले अंतराचा घन, अंतर अँगस्ट्रॉममध्ये. १.१४ घातलं की घन १.४८ येतो आणि कपलिंग ७६ किलोहर्ट्झ. दोन्ही बाजूंना तेवढंच. आता समजा प्रोटॉन मधोमध नाहीये, एका फ्लोरिनकडे ०.१ अँगस्ट्रॉम सरकून थांबलाय. मग एक अंतर १.०४ आणि दुसरं १.२४. घन करून भागा: एका बाजूचं कपलिंग १०० किलोहर्ट्झ आणि दुसऱ्या बाजूचं ५९. फक्त ०.१ अँगस्ट्रॉमसाठी ४१ किलोहर्ट्झचा फरक! अंतराचा घन असल्यामुळे ही पद्धत इतकी धारदार होते.

हा फरक स्पेक्ट्रममध्ये कुठे दिसणार तर मधल्या रेषेत. प्रोटॉनच्या दोन्ही बाजूंच्या फ्लोरिनचे स्पिन दोन्ही वर किंवा दोन्ही खाली असतील तर कपलिंगची बेरीज होते, म्हणून बाहेरच्या दोन रेषा. एक वर एक खाली असेल तर वजाबाकी होते, आणि कपलिंग दोन्हीकडे सारखं असेल तर वजाबाकी शून्य, दोन्ही शक्यता एकाच जागी पडतात, मधली रेष दुप्पट उंच, एकास दोनास एक. प्रोटॉन बाजूला सरकून थांबलेला असेल तर वजाबाकी शून्य होत नाही, मधली रेष फाटते आणि तीनच्या जागी चार रेषा दिसायला लागतात. खऱ्या क्रिस्टलमध्ये शेजारच्या आयनांचे फ्लोरिन सगळं पसरट करतात, शिवाय केएचएफटूमध्ये, म्हणजे पोटॅशियम बायफ्लोराइडमध्ये, हे आयन क्रिस्टलच्या मुख्य अक्षाला काटकोनात, दोन वेगवेगळ्या दिशांना पडलेले असतात, म्हणून चित्र एवढं स्वच्छ नसतं, तरीही मूळ आकार ओळखता येतो आणि तो तीन स्पिन एका रेषेत, मधला बरोबर मधे, असाच निघाला.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे फार जण घसरतात. वरच्या उदाहरणात मी 'सरकून थांबलाय' असं म्हटलं. तो थांबला नसेल, डावीकडून उजवीकडे सेकंदाला अब्जावधी वेळा जात असेल तर? मग एनएमआरला सरासरी दिसते. १०० आणि ५९ ची सरासरी ८० किलोहर्ट्झ, दोन्ही फ्लोरिनकडून सारखीच, आणि पुन्हा एकास दोनास एक. मधली रेष फाटणार नाही. ७६ आणि ८० यात फरक आहे, पण प्रोटॉन तसाही थरथरत असतो, आयन क्रिस्टलमध्ये थोडा डुलत असतो, त्यामुळे एवढ्या फरकावर कोणी पैज लावू नये. थोडक्यात एनएमआरचा कॅमेरा हळू आहे. तो 'सरासरी मधोमध' एवढं ठामपणे सांगतो. ऊर्जेच्या एका खोल खड्ड्यात मधोमध बसलाय की दोन खड्ड्यांत ये-जा करतोय हे एकट्या रेषेच्या आकारावरून सुटत नाही, त्यासाठी एंट्रॉपी लागते, न्यूट्रॉन लागतात, इन्फ्रारेड लागतं. आणि एनएमआरमधलं आणखी एक साधन लागतं, ते म्हणजे सोल्युशनमधलं 'जे' (J) कपलिंग.

आता सोल्युशनकडे येऊ. द्रवात रेणू गरगर फिरतात त्यामुळे डायपोलर कपलिंग पुसलं जातं आणि उरतं ते 'जे' (J) कपलिंग, जे इलेक्ट्रॉनांमधून जातं. १९७४ मध्ये फुजिवारा आणि मार्टिन यांनी ॲसिटोनायट्राइलसारख्या पोलर पण प्रोटॉन न देणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये बायहॅलाइड आयनांची (दोन हॅलोजन आणि मधे हायड्रोजन) मोजमापं प्रसिद्ध केली, ती आजही संदर्भ म्हणून धरतात. बायफ्लोराइडचा प्रोटॉन १६.४ च्या आसपास, एकास दोनास एक ट्रिप्लेट, 'जे' कपलिंग १२० हर्ट्झ. फ्लोरिनच्या बाजूने बघितलं तर तेच १२० हर्ट्झचं डब्लेट (दोन रेषा), शिफ्ट उणे १४५ ते १५० च्या पट्ट्यात, सॉल्व्हंटप्रमाणे थोडी इकडेतिकडे.

१६.४ या आकड्याबद्दल. प्रोटॉन खूप खाली, म्हणजे जास्त पीपीएमला गेला की हायड्रोजन बंध मजबूत, हे सूत्र एकाच प्रकारच्या बंधांची आपसात तुलना करताना चालतं. पण हायड्रोजन मॅलिएट घ्या, त्यात दोन ऑक्सिजनमधला प्रोटॉन २० पीपीएमच्या आसपास येतो. म्हणून तो बायफ्लोराइडपेक्षा मजबूत झाला का? अजिबात नाही. शेजारी ऑक्सिजन असताना आणि फ्लोरिन असताना प्रोटॉनभोवतीचे इलेक्ट्रॉन वेगळ्या तऱ्हेने वागतात, दोघांची पट्टीच वेगळी आहे. तेव्हा रिपोर्टमध्ये 'शिफ्ट १६ आहे म्हणून हा सर्वात मजबूत हायड्रोजन बंध' असं वाक्य कृपा करून लिहू नका. परीक्षकाने मॅलिएटचं नाव काढलं की उत्तर राहत नाही.

'जे' कपलिंग मात्र बोलतं. सुट्या किंवा साध्या सॉल्व्हंटमधल्या एचएफचं 'जे' कपलिंग सॉल्व्हंटप्रमाणे ४७५ ते ५३० हर्ट्झच्या दरम्यान असतं. आता उड्या मारणाऱ्या प्रोटॉनचं मॉडेल घ्या. अर्धा वेळ प्रोटॉन डाव्या फ्लोरिनचा, कपलिंग समजा ५००. अर्धा वेळ तो उजव्याचा, तेव्हा डाव्याशी कपलिंग जवळजवळ शून्य. सरासरी २५०. मोजलेलं किती? १२०. निम्म्याहूनही कमी. दूरच्या फ्लोरिनशी कपलिंग थोडं ऋण धरलं, तशी ऋण कपलिंगं खरंच मोजली गेली आहेत, उणे २५ वगैरे, तरी सरासरी २३०-२४० च्या खाली जात नाही. म्हणजे साध्या एचएफ बाँडांची अदलाबदल करून १२० मिळूच शकत नाही. मग १२० येतं कुठून, तर बाँडच बदललाय. प्रोटॉन मधे आला की तिन्ही अणूंवर पसरलेला, चार इलेक्ट्रॉनांचा सामाईक बंध तयार होतो, प्रोटॉनजवळची एस इलेक्ट्रॉनांची घनता बदलते आणि कपलिंग कोसळतं. माझ्या मते बायफ्लोराइडबद्दल एनएमआरने सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि शिकवताना नेमकी तीच सुटते.

याची दुसरी बाजू मिश्र आयनांमध्ये दिसते. एका बाजूला फ्लोरिन आणि दुसऱ्या बाजूला क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन असेल तर प्रोटॉन सरळ फ्लोरिनकडे जातो, आणि एच-एफ कपलिंग लगेच ४०० हर्ट्झच्या वर चढतं, क्लोरिनपासून आयोडिनकडे जाताना आणखी वाढतं. म्हणजे क्लोराइड फ्लोराइडच्या मानाने प्रोटॉनला कमी ओढतो, ब्रोमाइड त्याहून कमी, आयोडाइड सगळ्यात कमी, आणि ही ओढाताण हर्ट्झमध्ये वाचता येते. इथे ४०० च्या वर आणि सममित आयनात १२०, हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळं काही सिद्ध करायला लागत नाही.

आता एक प्रश्न हमखास येतो, की दोन फ्लोरिनमध्येही कपलिंग असेल ना, हायड्रोजन बंधातून? असतं, आणि चांगलं दणदणीत असतं, क्वांटम केमिस्ट्रीच्या गणितांनी बायफ्लोराइडसाठी ते २०० हर्ट्झच्या वर दिलंय. पण स्पेक्ट्रममध्ये दिसत नाही. कारण दोन्ही फ्लोरिन तंतोतंत सारखे आहेत, शिफ्ट एक, प्रोटॉनशी कपलिंग एक, आणि अशा सममूल्य केंद्रकांमधलं कपलिंग रेषा फाडत नाही, हा एनएमआरचा मूलभूत नियम आहे. कार्बनमध्ये एखादा कार्बन-१३ घालून सममिती मोडता येते, पण फ्लोरिनचा स्थिर आयसोटोप एकच, १९, त्यामुळे तोही रस्ता बंद.

यावरची युक्ती बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गच्या गटांनी काढली, लिम्बाख, डेनिसोव्ह, गोलुबेव्ह, शेंडरोविच ही त्यातली नावं. त्यांनी फ्लोराइडला आणखी एचएफ जोडले. एक फ्लोराइड मधे आणि दोन एचएफ त्याला चिकटलेले, किंवा तीन. आता मधला फ्लोरिन आणि टोकाचे फ्लोरिन वेगळे झाले, सममिती मोडली, आणि फ्लोरिन-फ्लोरिन कपलिंग उघड दिसायला लागलं. दोन एचएफवाल्या आयनात टोकाच्या फ्लोरिनशी प्रोटॉनचं कपलिंग सुमारे ३५० हर्ट्झ, मधल्या फ्लोरिनशी लहान आणि ऋण, आणि फ्लोरिन ते फ्लोरिन, प्रोटॉनच्या पलीकडून, सुमारे १४५ हर्ट्झ. हायड्रोजन बंधातून इलेक्ट्रॉन खरंच बोलतात याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. आणि इथे एक क्रम दिसतो तो बघा: एक एचएफ असताना प्रोटॉन मधोमध, कपलिंग १२०. दोन एचएफ झाले की फ्लोराइडची ओढ दोघांत वाटली जाते, प्रोटॉन आपापल्या टोकाकडे सरकतात, कपलिंग ३५०. तीन झाले की आणखी सरकतात, कपलिंग आणखी वर, सुट्या एचएफच्या दिशेने. प्रोटॉनची जागा बदलत जाते आणि आपण ती पायरीपायरीने मोजत जातो, हे फार सुंदर आहे.

हे सगळं त्यांना करता आलं ते तापमानामुळे. साध्या तापमानाला हे आयन एकमेकांत एचएफची देवाणघेवाण इतकी वेगाने करतात की कपलिंग पुसलं जातं. त्यांनी ड्युटेरेटेड फ्रिऑनचं मिश्रण सॉल्व्हंट म्हणून वापरलं, ते १०० केल्व्हिनच्या आसपासपर्यंत द्रव राहतं. म्हणजे उणे १७० सेल्सिअस. आपल्याकडे कॉलेजात हे जमणारं नाही, पण तत्त्व कळलं की उणे ४० लाही बरंच काम होतं.

ड्युटेरियमचा मुद्दाही सोडू नका, तो तुम्हाला थेट उपयोगी आहे. प्रोटॉनच्या जागी ड्युटेरॉन घातला की फ्लोरिनच्या स्पेक्ट्रममध्ये डब्लेटच्या जागी एकास एकास एक ट्रिप्लेट येतो, कारण ड्युटेरॉनचा स्पिन एक. कपलिंग ६.५ ने भागलं जातं, म्हणजे १२० चं साडेअठरा हर्ट्झ. अर्धवट ड्युटेरेटेड नमुन्यात दोन्ही एकाच स्पेक्ट्रममध्ये शेजारी शेजारी दिसतात, थोडे सरकलेले. हे चित्र एकदा बघितलं की बायफ्लोराइड आहे की नाही याबद्दल शंका राहत नाही. शिवाय शिफ्टचा फरक कुठल्या दिशेने आहे यातही माहिती असते. ज्या बंधात दोन खड्डे असतात तिथे साधारणपणे ड्युटेरॉनची शिफ्ट प्रोटॉनपेक्षा कमी येते, कारण जड ड्युटेरॉन खड्ड्यात जास्त खोल बसतो, मध्यापासून लांब, आणि बंध सैल पडतो. बायफ्लोराइडमध्ये हे उलटं होतं, ड्युटेरॉनची शिफ्ट थोडी जास्त येते. एकच खड्डा असेल तर जड ड्युटेरॉन कमी थरथरतो, मधेच जास्त घट्ट राहतो, दोन फ्लोरिन किंचित जवळ येतात. एक खड्डा की दोन, हा जो प्रश्न रेषेच्या आकारावरून सुटत नव्हता तो इथे नुसत्या चिन्हावरून सुटतो.

क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिनच्या सममित आयनांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण सोल्युशन एनएमआर तिथे फार मदत करत नाही. ही केंद्रकं क्वाड्रुपोलर आहेत, म्हणजे त्यांचा विद्युतभार गोलाकार पसरलेला नसतो, क्लोरिन आणि ब्रोमिनचे स्पिन तीन-द्वितीयांश, आयोडिन-१२७ चा पाच-द्वितीयांश, त्यांचं रिलॅक्सेशन (स्पिन मूळ स्थितीला परत येणं) इतकं जलद की प्रोटॉनला कपलिंग जाणवतच नाही, प्रोटॉनची नुसती एक सपाट रेष मिळते. बंधही कमजोर होत जातात, क्लोरिनवाला साधारण १०० किलोज्यूलचा, म्हणजे बायफ्लोराइडच्या निम्मा, पुढचे आणखी कमी. पण जे सोल्युशनमध्ये अडचणीचं तेच घन अवस्थेत उपयोगाला येतं. न्यूक्लियर क्वाड्रुपोल रेझोनन्समध्ये क्लोरिन-३५ ची फ्रिक्वेन्सी त्याच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या विषमतेवर ठरते. आयन सममित असेल तर दोन्ही क्लोरिनची फ्रिक्वेन्सी एकच, असममित असेल तर दोन वेगळ्या. आणि बायक्लोराइडची गंमत ही की सोबतचा धन आयन बदलला की हे बदलतं, काही मिठांमध्ये प्रोटॉन मधे, काहींमध्ये एका बाजूला. बायफ्लोराइड एवढा सहजासहजी हलत नाही.

आता तुमच्या ट्यूबकडे. पहिली शंका मला स्पेक्ट्रमच्या विंडोची येते. बऱ्याच मशीनवर प्रोटॉनचा तयार पॅरामीटर सेट २० पीपीएम रुंद असतो, मध्य ६ च्या थोडा वर. म्हणजे वरची कड १६.२ च्या आसपास. तुमचा सिग्नल १६.४ ला! तो विंडोच्या बाहेर राहतो आणि डिजिटल फिल्टर त्याला कापून टाकतो, दुमडून दुसरीकडेही दिसत नाही. ऑपरेटरला सांगून रुंदी ३० पीपीएम करा, मध्य ९-१० वर ठेवा. सगळ्यात आधी हेच करा, पैसे लागत नाहीत.

दुसरी शंका नमुन्याची. बाटलीतलं टीबीएएफ बहुधा ट्रायहायड्रेट असतं, त्यात मुळात फ्लोराइड आहे, पाण्याने वेढलेला, बायफ्लोराइड नव्हे. तुम्ही ते व्हॅक्यूममध्ये गरम करून वाळवलं असेल तर गोष्ट वेगळी, पाणी गेलं की उघडा फ्लोराइड इतका तीव्र बेस होतो की ब्युटिल साखळीवरचाच प्रोटॉन ओढतो, हॉफमन एलिमिनेशन होऊन ब्युटीन आणि ट्रायब्युटिलअमीन सुटतं आणि बायफ्लोराइड तयार होतो. मग प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ५ ते ६ पीपीएमच्या दरम्यान ब्युटीनच्या दुहेरी बाँडचे सिग्नल दिसतात का बघा. आणि तिसरं, तुमचं सॉल्व्हंट. तोच फ्लोराइड ॲसिटोनायट्राइलमधूनही हायड्रोजन ओढतो, आणि सॉल्व्हंट ड्युटेरेटेड असल्यामुळे ओढतो तो ड्युटेरियम. बायफ्लोराइड तयार होतो पण ड्युटेरियमवाला, आणि तो प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये दिसणारच नाही. फ्लोरिन घेतला तर उणे १४७ च्या आसपास साडेअठरा हर्ट्झचा ट्रिप्लेट दिसेल. बायफ्लोराइडच बघायचा असेल तर टेट्राब्युटिलअमोनियम बायफ्लोराइड तयार मिळतं, त्याचा स्टँडर्ड आधी घ्या, ड्युटेरेटेड डायक्लोरोमीथेनमध्ये, कारण बायफ्लोराइड त्याला फारसा त्रास देत नाही आणि हे सॉल्व्हंट उणे ९० पर्यंत गोठत नाही. उघड्या फ्लोराइडसाठी मात्र तेच सॉल्व्हंट वापरू नका, क्लोरिन काढून स्वतः बसतो.

फ्लोरिनचा स्पेक्ट्रम घेताना प्रोटॉन डिकपलिंग बंद करायला सांगा. बऱ्याच ठिकाणी ते चालू ठेवूनच घेतात, मग डब्लेटचा एकेरी सिग्नल होतो आणि १२० हर्ट्झ, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच हरवतं. काचेकडेही लक्ष हवं. बायफ्लोराइड काच खातो, आणि बोरोसिलिकेट काचेतल्या बोरॉनपासून टेट्राफ्लोरोबोरेट होतं, त्याचा सिग्नल उणे १५० च्याच आसपास, अगदी बायफ्लोराइडच्या शेजारी. ओळखायची खूण अशी की बोरॉन-१० आणि बोरॉन-११ मुळे त्याचे दोन बारीक सिग्नल अगदी चिकटून येतात, एकास चार उंचीचे. बायफ्लोराइडचे दोन्ही हात सारख्या उंचीचे आणि १२० हर्ट्झ अंतरावर, ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर फ्लोरिनच्या ३७६ मेगाहर्ट्झला ते ०.३२ पीपीएम होतं. खात्री करायची तर डिकपलिंग चालू करून बघा, जो एकत्र आला तो बायफ्लोराइड. शक्य असेल तर ट्यूबमध्ये एफईपीचं (एक फ्लोरिनयुक्त प्लास्टिक) लायनर घाला, त्याची उणे १२० च्या आसपास एक रुंद टेकडी येईल, ती वेगळी ओळखता येते.

एवढं करूनही प्रोटॉनचा ट्रिप्लेट न येता एक जाड रेष आली तर ती देवाणघेवाण आहे, पाण्याशी किंवा जास्तीच्या एचएफशी. १२० हर्ट्झचं फाटणं पुसायला सेकंदाला अडीचशे-तीनशे अदलाबदली पुरतात, फार नाही लागत. सॉल्व्हंट मॉलिक्युलर सीव्हवर आधी वाळवा, पण फ्लोराइड टाकल्यावर सीव्ह आत ठेवू नका, त्यात सिलिका असते. मग तापमान खाली न्या, ॲसिटोनायट्राइल असेल तर उणे ४० पर्यंतच, त्याच्या खाली ते गोठायला लागतं. पाण्यात ट्रिप्लेट शोधायचा प्रयत्न करू नका, पाण्यात हा आयन असतो, अगदी २०२१ मध्ये शिकागोच्या गटाने पाण्यातल्या बायफ्लोराइडवर फेमटोसेकंद इन्फ्रारेडने सुंदर काम केलं, पण एनएमआरच्या वेळेच्या मानाने तिथली देवाणघेवाण फार जलद आहे.

आणि काम सुरू करायच्या आधी लॅबमध्ये एचएफने भाजल्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आहे का आणि तिची मुदत संपलेली नाही ना, ते स्वतः जाऊन बघा. बायफ्लोराइडमध्ये ओलावा आणि आम्ल आलं की एचएफ सुटतो, आणि पातळ एचएफचा भाजलेला डाग सुरुवातीला दुखतही नाही, काही तासांनी दुखायला लागतो तेव्हा तो आत उतरलेला असतो. हातमोजे नायट्राइलचे, दोन थर, आणि ट्यूबवर 'फ्लोराइड' असं ठळक लिहून मगच ऑपरेटरकडे द्या. नवीन स्पेक्ट्रम आले की प्रोटॉन आणि फ्लोरिन दोन्ही पाठवा, विंडोची रुंदी आणि तापमान लिहून, मग पुढचं बोलू.